परशरामचं नाव नसलेला पासवर्ड

निपाणीत जयाक्का सिस्टरला ओळखत नाही असा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर त्याला आयुष्यात कधी इंजेक्शन लागलेलं नसतं. डॉक्टर साईराज यांच्या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात ती एकतीस वर्षं आहे. हॉस्पिटल आधी डॉक्टरांच्या वडिलांचं होतं, वर पत्रे होते, आणि रक्तदाब मोजायचं एकच यंत्र होतं, त्यातला पारा जयाक्काशिवाय कुणाला धड वाचता येत नसे. पुढे तीन मजले झाले, लिफ्ट आली, आयसीयू आलं, आणि आयसीयूची इनचार्ज म्हणून जयाक्काच बसली.

बाई मूळची जांबोटीकडची. शाळेला पाऊण तास चालत जाणारी, बेळगावात नर्सिंग शिकलेली, लग्न करून निपाणीत आलेली. बोलणं बेताचं. तिच्या कानात गेलेली गोष्ट तिथंच राहायची. गावातल्या निम्म्या घरांची गुपितं तिच्याजवळ होती. कुणाला साखर आहे, कुणाला एक झटका येऊन गेलाय आणि घरच्यांना पत्ता नाही, कोण रोज पितो आणि डॉक्टरांना सणासुदीलाच म्हणून सांगतो. यातला एक शब्द कधी बाहेर पडला नाही. तिचा नवरा परशराम तंबाखूच्या वखारीत काट्यावर वजनं करायचा, आता घरी बसलेला. बायको हॉस्पिटलात असून त्याला गावची एक बातमी घरात मिळाली नाही. त्यासाठी त्याला स्टँडजवळ यल्लाप्पाच्या चहाच्या गाड्यावर जावं लागे. एवढं एक सोडलं तर संसार चांगला होता. तीस वर्षांत दोघांचं मोठं भांडण एकदाच झालं, तेही म्हशीवरून.

दुसरं झालं ते पासवर्डवरून.

डॉक्टरांनी आयसीयूसाठी दहा नवे पंप घेतले. हे पंप म्हणजे औषध भरलेली सिरिंज हळूहळू दाबून, ठरल्या वेगानं, थेंब थेंब पेशंटच्या शिरेत सोडणारी यंत्रं. पूर्वी सिस्टरांनी खाटेखाटेपाशी जाऊन आकडे घालायचे. नवे पंप वाय-फायवर चालणारे. टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर दहाही खाटांचा वेग बघायचा, आणि बदलायचा असला तर तिथूनच बदलायचा. जयाक्काला ते फारसं पटलं नव्हतं. खाटेपाशी गेलं की पेशंटचं तोंड दिसतं, असं ती म्हणाली. पण पंप आले.

हॉस्पिटलात तोवर पासवर्ड एकच होता, सगळ्यांना मिळून. तो मेडिकलच्या काचेवर चिकटवलेला होता, ऑपरेशन थिएटरच्या कॅलेंडरवर लिहिलेला होता, आणि नवे डॉक्टर सारखे विचारतात म्हणून लिफ्टमध्येसुद्धा होता. पेशंटच्या नातेवाइकांना वाय-फाय लागलं तर गेटवरचा मारुतीराव तोच सांगायचा, आणि नीट ऐकू आला नाही तर त्यांच्या तळहातावर लिहून द्यायचा.

मग कुठल्याशा लांबच्या शहरात एका हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर चोरांनी परदेशातून बंद पाडल्याची बातमी डॉक्टरांच्या वाचण्यात आली. त्यांची झोप उडाली. त्यांनी हुबळीहून नागेंद्र नावाच्या तज्ज्ञाला बोलावलं. तिशीतला, चष्मेवाला, कानडीत हिंदी मिसळून बोलणारा माणूस. तो तिन्ही मजल्यांवर भिंती वाचत हिंडला. लिफ्टमधून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा वाईट एक्स-रे बघितलेल्या डॉक्टरासारखा झाला होता.

त्यानं सगळ्या स्टाफला कॅन्टीनमध्ये जमवलं आणि समजावून सांगितलं. आता चोर भिंत फोडून येत नाही, तारेतून येतो. कागदपत्रं बंद करून पैसे मागतो, हे एक. पण पंप तारेवर आले म्हणजे हजार मैलांवर बसून कुणी तुमच्या पंपाचा वेग वाढवू शकतो. पेशंट जाईल आणि तुम्हाला वाटेल देवानं नेला. एवढं ऐकून कॅन्टीनमध्ये चमचा वाजेना. मग त्यानं प्रत्येकानं स्वतःचा वेगळा पासवर्ड ठेवायचा हुकूम दिला. कसला ठेवायचा, असं रूपाली सिस्टरनं विचारल्यावर तो म्हणाला, जो शब्द तुम्ही मेलात तरी तोंडातून काढणार नाही, तो ठेवा.

नागेंद्र शहरातला. आपण कुणाला काय सांगून बसलो याची त्याला कल्पना नव्हती.

हॉस्पिटलात नऊ बायका कामाला होत्या, त्यातल्या आठ लग्न झालेल्या. मेलं तरी तोंडातून काढायचा नाही असा शब्द म्हटल्यावर त्यांना विचार करावा लागलाच नाही. एकमेकींना न विचारता सात जणींनी एकच गोष्ट केली. प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव घातलं.

जयाक्काच्याही मनात आधी तेच आलं. तिनं परशराममधलं पहिलं अक्षर दाबलंसुद्धा. मग तिचा हात थांबला, कारण गळ्यातलं ओळखपत्र टेबलाला लागून वाजलं. त्यावर जया परशराम असं ठळक छापलेलं होतं. ज्या शब्दाची पाटी आपण गळ्यात घालून हिंडतो, तो चोराला कसा सापडणार नाही? औषधाच्या बाटलीवरचं नाव दोनदा वाचणारी बाई ती. तिनं ते अक्षर पुसलं आणि कुणालाच ठाऊक नाही असं आपल्याजवळ काय आहे, याचा विचार करू लागली. गावाचं पुष्कळ होतं. स्वतःचं शोधताना वेळ लागला.

शेवटी सापडलं. लग्नाआधी तिचं नाव तुळसा होतं. सासरी थोरली जाऊ होती, तिचंही नाव तुळसा. एका चुलीपाशी दोन तुळसा कशा चालणार, म्हणून सासूनं जया ठरवलं, आणि परशरामनं ताटातल्या तांदळांत अंगठीनं ते लिहिलं. आईवडील गेले, भाऊ आक्का म्हणतो, गाव जयाक्का म्हणतं. तुळसा म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. तिनं तुळसा घातलं, पुढं जांबोटीच्या शाळेतला हजेरीचा नंबर सत्तावीस घातला, नागेंद्र म्हणतो तसं एक चिन्ह घातलं, आणि पासवर्ड कुणालाही, घरच्यांनाही, सांगणार नाही अशा कागदावर सही केली. सही जया या नावानं केली.

दहा दिवसांनी नागेंद्र परत आला. त्याच्याकडं पासवर्ड ओळखायचा प्रोग्रॅम होता. तो त्यानं जेवायच्या सुट्टीत लावला आणि सुट्टी संपायच्या आत त्याचं काम झालं. डॉक्टरांना वाटलं, लोकांना जरा लाज वाटली पाहिजे. त्यांनी फुटलेले पासवर्ड कॅन्टीनच्या भिंतीवर मोठे करून दाखवायला लावले. सात जणींचे सात नवरे भिंतीवर एकाखाली एक उजळले. रूपाली सिस्टरनं ओढणी तोंडावर घेतली. तेजस्वी नावाच्या सिस्टरचं अजून लग्न झालं नव्हतं, तरी तिचा पासवर्डही फुटला, आणि त्या नावाची चौकशी करायला पुढच्या रविवारी तिच्या घरून माणसं गेली. पुरुषांपैकी अकरा जणांचा पासवर्ड एक ते पाच आकडे होता, दोघांचं स्वतःचंच नाव होतं, आणि स्टोअरच्या आण्णाप्पानं बैलाचं नाव घातलं होतं. बायकोचं नाव एकाचंही निघालं नाही. त्या दिवशी मात्र हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण सगळे शेवटच्या ओळीकडं बघत होते. तिथं लिहिलं होतं, आयसीयू इनचार्ज, सापडला नाही.

नागेंद्र उठून उभा राहिला आणि एकट्यानं टाळ्या वाजवल्या. त्याच्या प्रोग्रॅमनं जगातले लाखो शब्द लावून बघितले, परशराम तर सगळ्या तऱ्हांनी लावून बघितला, पण हे कुलूप उघडलं नाही, असं त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. जयाक्काला वाटलं, संपलं. कॅन्टीनमधल्या बायका मात्र तिच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या होत्या. परशराम नाही, तर कोण?

जयाक्का ड्यूटी संपवून घरी पोहोचायच्या आत ही गोष्ट यल्लाप्पाच्या गाड्यावर पोहोचली. ती नेली मारुतीरावानं. दहावीचा निकाल सांगावा तसा तो परशरामच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आण्णा, समद्या नवऱ्यांची नावं आली. तुमचं न्हाय आलं."

परशराम चहा अर्धा ठेवून घरी आला. जयाक्का भाकरी थापत होती. दारातूनच पासवर्ड म्हणजे काय असतं, असं त्यानं आडवळणानं विचारलं. तिनं सांगितलं. मग त्यानं सरळ विचारलं.

"माझं नाव न्हाय म्हणं त्यात."

"न्हाय."

"मग कुणाचं हाय?"

"ते सांगायचं नसतं. सही केलीया."

"डॉक्टरांनी इचारलं तर?"

"त्यास्नी बी न्हाय."

"आणि मी मेलो म्हणजे?"

"मेल्यावर तुमी पासवर्ड घिऊन काय करणार?"

खरं तर परशराम संशय घेणारा माणूस नव्हता. बायकोवर त्याचा विश्वास होता, पण तो विश्वास आता त्याला गाड्यावर बसून सगळ्यांसमोर ठेवावा लागत होता, आणि ते काम जड होतं. जयाक्काच्या जिवालाही घोर लागला. तिला ते नाव सांगायला काहीच अडचण नव्हती. एक शब्द बोलला की घर पूर्वीसारखं होणार होतं. पण परशरामला सांगितलेली गोष्ट यल्लाप्पाच्या गाड्यावर जाते, तिथून मारुतीरावाकडं जाते, आणि मारुतीराव ती तळहातावर लिहून देतो. त्या नावापलीकडं दहा पंप होते, आणि पंपांपलीकडं माणसं. तिनं तोंड उघडलं नाही.

असा महिना गेला आणि खरे चोर आले.

आण्णाप्पाला कॉम्प्युटरवर एक निरोप आला की तुमचं कुरिअर अडकलंय, इथं दाबा. आण्णाप्पानं काहीच मागवलं नव्हतं, पण आलंच असेल तर कशाला सोडा, म्हणून त्यानं दाबलं. फुटलेले पासवर्ड सगळ्यांना बदलायला लावले होते, त्यानं बैलाचं काढून दुसऱ्या बैलाचं ठेवलं होतं. अर्ध्या तासात तीनही मजल्यांवर कॉम्प्युटरचे पडदे लाल झाले. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की तुमचं सगळं आमच्या ताब्यात आहे, सोडवायचं तर पैसे द्या. रिसेप्शनला पेशंटची नावं निघेनात. लॅबचे रिपोर्ट हातानं लिहायचे ठरले तर कार्बनपेपर मिळेना. एक आजोबा डिस्चार्ज घेऊन घरी निघाले होते, त्यांना कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर तुम्ही अजून आजारीच आहात असं सांगून परत खाटेवर झोपवलं.

आयसीयूत त्या वेळी तीन पेशंट पंपांवर होते. जयाक्कानं खालचा गोंधळ ऐकला आणि भिंतीतली इंटरनेटची तार उपटून टाकली. मग वाय-फायच्या डबीचंही बटण बंद केलं. प्रत्येक पंपापाशी एकेक सिस्टर उभी केली, औषधाचे वेग कागदावर लिहून घेतले आणि पंपांवरच्या बटणांनी जुन्या पद्धतीनं घालून दिले. चौथ्या खाटेवरच्या म्हातारीला काय चाललंय ते विचारावंसं वाटलं. जयाक्कानं तिला वीज गेलीय असं सांगितलं. दिवे चालू होते, पण म्हातारीनं मान हलवली.

नागेंद्र धावत आला, दोन दिवस तिथंच राहिला. सगळ्या माहितीची जुनी नक्कल काढून ठेवलेली होती, तिच्यावरून त्यानं एकेक कॉम्प्युटर सुरू केला. पैसे द्यावे लागले नाहीत. मग त्यानं चोरांच्या पावलांचे ठसे तपासले. कॉम्प्युटरमध्ये तेही उमटतात म्हणे. चोर आण्णाप्पाच्या दारातून आत आले, तिथं त्यांना स्टाफची सगळी माहिती मिळाली, आणि मग ते पंपांच्या दारापाशी गेले. जयाक्का इनचार्ज आहे, तिच्या नवऱ्याचं नाव परशराम आहे, एवढं त्यांनी वाचलं. त्यांनी परशराम घातलं. उलटं घातलं. पुढं जन्मसाल लावून घातलं. तार उपटेपर्यंत, वीस मिनिटांत एकसष्ट वेळा घातलं. दार उघडलं नाही.

मारुतीरावानं हे गाड्यावर सांगितलं तेव्हा परशरामला आधी अभिमान वाटला. कुठल्या देशातले चोर कोण जाणे, त्यांनी आपलं नाव एकसष्ट वेळा लिहिलं. मग हळूहळू त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. जगाच्या पलीकडच्या चोरांनासुद्धा वाटलं की बायकोचा पासवर्ड म्हणजे परशरामच असणार. तसं न वाटणारी व्यक्ती एकच निघाली, आणि ती त्याच्या घरात होती.

डॉक्टरांनी जयाक्काचा सत्कार ठरवला. गेटवर तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. शाल, श्रीफळ, हार, माईक, सगळं झालं. परशरामला पहिल्या रांगेत, डॉक्टरांच्या आईशेजारी बसवलं होतं. डॉक्टर भाषणात वाहवत गेले. जयाक्कांनी जे नाव मनात जपलं, जे आजपर्यंत कुणापाशी उघड केलं नाही, त्या एका नावानं तीन जीव वाचवले, असं ते म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि टाळ्या वाजवता वाजवता सगळे परशरामकडं बघायला लागले. आपण एकट्यानं वाजवली नाही तर बरं दिसणार नाही, म्हणून परशरामनंही टाळ्या वाजवल्या. त्या नावासाठी टाळ्या वाजवताना त्याला कसं वाटलं, हे त्यालाच ठाऊक. घरी आल्यावर त्यानं नारळ फोडू दिला नाही.

गाड्यावर रोज हाच विषय निघायला लागला. परशराम डबा द्यायला म्हणून आयसीयूच्या काचेपलीकडं उभा राहून आला होता, आणि जयाक्कानं पासवर्ड घातला तेव्हा पडद्यावर आठ ठिपके आल्याचं त्यानं मोजलं होतं. मग आठ अक्षरांची नावं काढायचं ठरलं. पण कशात मोजायची? मराठीत मोजलं तर एक आकडा येतो, कानडीत दुसरा, इंग्रजीत तिसरा. यल्लाप्पा म्हणाला, हुबळीचा माणूस येऊन लावून गेला म्हणजे पासवर्ड कानडीतच असणार. दुसरा एकजण म्हणाला, बाई जांबोटीची, मनातलं नाव मराठीतच असणार. शब्द वाढले. हॉस्पिटल कुणाचं, गाव कुणाचं, दुकानांच्या पाट्या कुठल्या अक्षरांत असाव्यात, इथपर्यंत गोष्ट गेली. दोघंजण उठून दोन दिशांना गेले आणि आठवडाभर बोलले नाहीत. पासवर्डाचं कुणाला आठवलंही नाही, परशराम सोडून.

मग परशरामनं धाडस केलं. यल्लाप्पाच्या मोबाईलवरून त्यानं आयसीयूत फोन लावला, आवाज जाड केला, आणि वखारीत मारवाड्यांशी बोलायला लागायची तेवढी सगळी हिंदी गोळा करून, मी पंपाच्या कंपनीतून बोलतोय, अर्जंट काम आहे, तुमचा पासवर्ड सांगा, असं म्हणाला. जयाक्कानं पहिल्याच शब्दाला नवऱ्याचा आवाज ओळखला. मधे त्याला ठसकाही लागला, तोही ओळखीचा होता. तिनं त्याला शांतपणे पूर्ण बोलू दिलं. मग फोन ठेवला, संशयास्पद फोनांचं रजिस्टर काढलं, आणि नियमाप्रमाणे वेळ, नंबर, भाषा आणि मागणी अशी सगळी नोंद केली. भाषेच्या रकान्यात हिंदी, असं लिहिलं आणि थोडा विचार करून पुढं बेताची, असं लिहिलं. नागेंद्रनं तो नंबर हॉस्पिटलात बंद करून टाकला. त्या दिवसापासून हॉस्पिटलची चहाची ऑर्डर यल्लाप्पाला येईना, आणि का येईना हे त्याला कळेना. परशरामला कळत होतं, पण तो कुणाला सांगणार?

संध्याकाळी जयाक्का त्याला एवढंच म्हणाली, की आज एका चोराचा फोन आला होता आणि त्याला खोकला झालाय, त्यानं गरम पाणी प्यावं. परशराम गरम पाणी प्यायला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं जेवण बंद केलं.

तो रागानं बंद केलं असं म्हणत नव्हता. भूक नाही म्हणत होता. ताट वाढलं की तो ताटाकडं बघायचा, हात धुवायचा आणि उठायचा. साठी उलटलेला माणूस, त्याला बीपीच्या गोळ्या चालू. दोन दिवसांत त्याचं तोंड उतरलं. तिसऱ्या दिवशी उठताना त्यानं भिंत धरली. जयाक्कानं त्याची नाडी बघितली, जिभेकडं बघितलं. आयसीयूत असलं काही झालं की काय करायचं ते तिला पाठ होतं. इथं औषध एकच होतं, आणि ते देता येत नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा तिला वाटलं की सांगून टाकावं. पंप गेले खड्ड्यात, सही गेली खड्ड्यात, सांगून टाकावं. ती त्याच्याजवळ जाऊन बसलीसुद्धा. पण तिला चौथ्या खाटेवरची म्हातारी आठवली. म्हातारी घरी गेली होती, पण त्या खाटेवर आता दुसरं कुणीतरी होतं. ती उठली आणि त्याला लिंबाचं सरबत करून दिलं. ते मात्र तो प्यायला. सरबत जेवणात धरत नाहीत असं त्यानं मनाशी ठरवलं असावं.

चौथ्या दिवशी सकाळी ती ड्यूटीवर गेली, कॉम्प्युटर उघडला, आणि पडद्यावर सूचना आली. नव्वद दिवस झाले, पासवर्ड बदला. हा नियम नागेंद्रनंच घातला होता आणि ती तो विसरून गेली होती. तिनं सूचना दोनदा वाचली. जुना पासवर्ड आजपासून चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे आता तो कुठल्याच कुलपाची किल्ली नव्हता. नुसता शब्द होता.

ती खुर्चीत टेकली. मग तिनं नवा पासवर्ड घालायला घेतला, आणि घरात भिंत धरून चालणाऱ्या माणसाच्या दयेपोटी म्हणा की आणखी कशापोटी, तिनं परशराम घातलं. पडदा लाल झाला. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा लाल. हे नाव या हॉस्पिटलात वापरायला मनाई आहे, असं खाली लिहून आलं. चोर आल्यानंतर नागेंद्रनं सगळ्या नवऱ्यांची नावं मशीनमध्ये घालून त्यांना कायमची बंदी केली होती. जयाक्कानं वेगळंच काहीतरी घातलं, आणि सकाळची ड्यूटी संपवून तीनच्या सुमाराला घरी आली.

परशराम पडून होता. तिनं चप्पल काढायच्या आधीच सांगितलं, "आजपास्नं जुना पासवर्ड रद्द झाला. आता सांगाय हरकत न्हाय."

तो उठून बसला. तिनं पाणी घेतलं, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "तुळसा."

परशराम मनाची तयारी करून बसला होता, पण बाईच्या नावाची तयारी त्यानं केली नव्हती. त्यानं विचारलं, "थोरल्या वयनीचं ठेवलंस?"

"त्यांचं कशाला ठेवू?"

"तेच म्हंतो. वीस वर्सं तुमचं एकमेकीशी धड बोलणं न्हाय, आणि तिचं नाव मनात—"

"आवं, मी. माझं नाव तुळसा हुतं. तुमी तांदळात जया लिवलं, त्याच्या आदी."

ते ताट परशरामला आठवलं असावं, कारण त्यानं उजव्या हाताचं बोट बघितलं. तुझं नाव तुळसा होतं हे मला ठाऊक होतं, असं तो म्हणाला. मग म्हणाला की ठाऊक होतं, पण ध्यानात राहिलं नव्हतं. जयाक्का आत गेली आणि चूल पेटवली.

तो मागोमाग स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला. आता नवा कुठला ठेवलास असं विचारायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ते ओळखून तिनंच सांगितलं, की आज त्याचं नाव घालून बघितलं, दोनदा घातलं, पण मशीन घेईना. त्या नावाला हॉस्पिटलात बंदी झालीय.

"बंदी? कुणाला?"

"तुमच्या नावाला."

"म्हंजे कुणालाच घालाय येत न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

"डॉक्टरास्नी बी?"

"त्यास्नी बी न्हाय."

परशरामनं हे नीट समजून घेतलं. चार दिवस उपाशी होता, तरी त्याचा चेहरा उजळला. त्यानं ताट पुढं ओढलं. जयाक्कानं गरम भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि दुसरी भाकरी थापायला चुलीकडं तोंड केलं. तो घास घेता घेता थांबला आणि जरा चाचरत म्हणाला, "तुळसा, चटणी दे."

ती तशीच भाकरी थापत राहिली. तिला ऐकू आलं नव्हतं असं नाही. ती हाक आपल्याला आहे हेच तिच्या ध्यानात आलं नाही. परशरामला वाटलं, चुकलं काहीतरी. त्यानं घास गिळला आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, हाक मारली. या खेपेला तिचा हात थांबला. पीठ लागलेल्या हातानंच ती उठली आणि फळीवरची चटणीची बरणी काढून त्याच्या ताटापाशी ठेवली.